वाघबारशीचा पाहुणा

बुधवार, १५ ऑक्टोबर २०२५
भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी

पोचलो! गाडी कुठे बंद पडली नाही, कुठे घासली नाही. संगमनेरच्या पुढे एका वळणावर गाडीतल्या कपाटाचं दार उघडून हळदीचा डबा माझ्या डोक्यावर पडला, एवढं सोडलं तर प्रवास सुखाचा झाला. रॉबिन म्हणाला, लग्नात राहिलेली हळद आज लागली.

आईने सांगितलंय, रोज लिही आणि आल्यावर मला वाचून दाखव. तिला अक्षर येत नाही. आमच्या घरात शिकलेली मी पहिली, त्यामुळे औषधाच्या चिठ्ठ्यांपासून लग्नपत्रिकांपर्यंत सगळं वाचून दाखवायचं काम लहानपणापासून माझंच. म्हणून नीट लिहिते, आणि झालं तेवढंच लिहिते.

तर आई, गाडी अशी आहे. शाळेच्या मुलांची ने-आण करणारी ही जुनी मिनीबस. रॉबिनने राहुरीतल्या त्याच्या गॅरेजमध्ये आठ महिने, दर रविवारी चर्चहून आल्यावर, तिच्यावर काम केलं. मागे पलंग, पलंगाखाली कपड्यांचे खण. डाव्या बाजूला शेगडी आणि छोटा सिलिंडर, चाळीस लिटर पाण्याची टाकी, तिला खरोखरची तोटी. खिडक्यांना तुझ्या दोन साड्यांचे पडदे. निघताना शेजारच्या रतनबाई आत डोकावून म्हणाल्या, घरात चांगला संडास बांधलेला असताना रानात बसायला जायची हौस कुणाला सुचते गं? रॉबिनला उत्तर सुचलं, पण ते तुला वाचून दाखवण्यासारखं नाही.

लग्नाला दोन वर्षं झाली, पण दोघंच असं आम्ही कुठे गेलोच नव्हतो. राहुरीत दुपारी अंग भाजत होतं, इथे पाच वाजताच शाल अंगावर घेतली. डोंगरांवरचं गवत पिवळं पडायला लागलंय, मध्ये मध्ये सोनकीची फुलं. सिलिंडर बंद केला की नाही ते मी तीनदा पाहिलं. रॉबिनने चौथ्यांदा उठून पाहिलं आणि मला सलाम ठोकला.

गुरुवार, १६ ऑक्टोबर
उंबरदरा

पाण्याला वळसा घालून, खिंडीतून वर आलो. शेंडी गाव सोडल्यापासून मोबाईलला रेंज नाही. उंबरदरा म्हणजे वीस-पंचवीस घरं, तिन्ही बाजूंना उभे कडे, आणि आत यायला एकच रस्ता. रस्त्याच्या कडेला शेंदूर फासलेला कमरेएवढा दगड आहे. तिथून गावची शीव सुरू होते.

गाडी लावायला जागा विचारली तर बन्सीबाबा म्हणून एक म्हातारे गुराखी पुढे आले. गावातल्या सगळ्या गुराख्यांचे ते मुख्य. मी विचारलं, इथे लावली तर चालेल ना? हो म्हणाले. कुणाची जमीन तर नाही ना? नाही म्हणाले. भाताला धूर तर लागणार नाही? तेव्हा ते रॉबिनकडे वळून म्हणाले, "पाव्हनं, ही बाय तलाठी हाय का?"

समोरच्या घरातल्या झुंबरबाईंनी नाचणीची भाकरी आणि खुरासणीची चटणी पाठवली. एकट्याच असतात. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसले. गाडी आतून बघून त्या लई हसल्या. म्हणाल्या, नवऱ्याला कोपरासुदिक ठिवला न्हाई रुसून बसायला.

उद्या वाघबारस. इथले गुराखी त्या दिवशी वाघदेवाला खीर करतात, म्हणजे वर्षभर गुरांना वाघाचं भय राहत नाही. एक माणूस वाघ होतो. त्याला हाकत शिवेपर्यंत नेतात, तीन वेळा विचारतात की आमच्या शिवात पुन्हा येशील का, आणि तो तीन वेळा नाही म्हणतो. वाघ बाहेरगावचाच लागतो. पलीकडच्या वाडीतला एक जण दरवर्षी यायचा, तो उन्हाळ्यात वारला. सगळ्यांनी रॉबिनकडे बघितलं. रॉबिनने लगेच गुरगुरून दाखवलं.

मला जरा कसंतरी झालं. आपण हे मानत नाही, मग यात भाग घेणं बरोबर का? मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, नाताळच्या नाटकात मी तीन वर्षं उंट झालो होतो, तेव्हा तुला कसंतरी झालं नाही.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर
शिवेबाहेरचा माळ

केवढी गंमत आली! रॉबिनला पिवळ्या मातीने रंगवून तव्याच्या काजळीचे पट्टे ओढले. कमरेला दोराची शेपटी. तो गुडघ्यांवर रांगत गुरांच्या मागे लागला, बायका सुपं वाजवून त्याला हाकलू लागल्या. झुंबरबाईंना तर एवढं हसू आलं की त्या खालीच बसल्या. मीही सूप वाजवलं.

दगडापाशी मात्र सगळे गप्प झाले. बन्सीबाबांनी विचारलं, "येशील का आमच्या शिवात?" रॉबिन म्हणाला, नाही येणार. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्याने माझ्याकडे बघून डोळा मारला, तर बन्सीबाबा थांबले. म्हणाले, आता हसू नगं, नीट सांग. रॉबिनने तोंड गंभीर करून नीट सांगितलं. मग दगडाच्या पलीकडे उडी मारली आणि टाळ्या झाल्या.

गाडी गावकऱ्यांनी दुपारीच शिवेबाहेर आणून ठेवायला लावली होती. वाघाच्या वाट्याची खीर बाहेरच खायची असते. झुंबरबाईंनी ती पितळी डब्यात दिली. जुना, जड, झाकणाला कडी असलेला डबा. मी म्हटलं, उद्या डबा आणून देते. त्या म्हणाल्या, राहू दे तुलाच, आनू नगं. मी म्हटलं, असं कसं? त्या पुन्हा म्हणाल्या, राहू दे म्हनते ना.

माळावर बसून दोघांनी खीर खाल्ली. रॉबिनच्या कानामागचा रंग काही निघाला नाही.

शनिवार, १८ ऑक्टोबर

आता सावकाश, क्रमाने लिहिते.

सकाळी डबा घासला. पितळी डबा, दीड-दोन हजारांचा तरी असेल, आणि एकट्या राहणाऱ्या बाईचा. राहू दे, नको आणू, असं तर आपल्याकडे सगळेच म्हणतात. आपणही म्हणतो, आणि समोरच्याने आणून दिला नाही तर वर्षभर लक्षात ठेवतो. शिवाय डबा रिकामा द्यायचा नसतो. मी शेंगदाण्याचे लाडू वळून तो भरला.

रॉबिन म्हणाला, अगं, मी काल तीनदा सांगितलंय येणार नाही म्हणून. हसत म्हणाला, पण म्हणाला. दगडापाशी ठेवून येऊ, कुणीतरी नेईल. हेही म्हणाला. मीच ऐकलं नाही. मी म्हटलं, उंट झालास तेव्हा काय खरा उंट होतास? खेळातला शब्द तो शब्द नव्हे, आणि दगडाला भिणं तर आपल्याला शोभतच नाही. एकटी चालत जाते म्हटलं, तर एकटी जाऊ देईना. मग गाडी काढली.

दगड ओलांडला तेव्हा काहीच झालं नाही. हे मुद्दाम लिहिते.

पण गावात शिरलो आणि गोठ्यांमधून आवाज सुरू झाला. गुरं हंबरत नव्हती, ओरडत होती. एका गाईने दावं तोडलं आणि कुंपण फाडून निघून गेली. कुत्री एकदम गप्प. मी झुंबरबाईंच्या ओट्यापर्यंत गेले, हाक मारली. त्यांनी दार थोडं उघडलं, माझ्या हातातला डबा बघितला, आणि कपाळावर हात मारून घेतला. म्हणाल्या, "कशापायी आनलास? दोनदा सांगितलं हुतं ना तुला!" मग माझ्या मागे बघितलं. मागे रॉबिन गाडीतून उतरत होता. त्यांनी दार लावलं, आतून कडी घातली.

सगळीच दारं लागली. बन्सीबाबा तेवढे लांब उभे होते, काठी आडवी धरून. रॉबिन त्यांना म्हणाला, बाबा, चुकलं आमचं, निघतो. त्याच्याकडे ते एखाद्या माणसाकडे बघतात तसं बघत नव्हते. मलाच म्हणाले, "बाय, तू नीघ. चालत नीघ."

आम्ही निघालो. दगड दिसायला लागला आणि रॉबिनने कचकन ब्रेक मारला. म्हणाला, रस्ता कुठाय?

रस्ता होता. समोर होता. सकाळी ज्यावरून आलो तो लाल मातीचा रस्ता, आमच्याच टायरच्या खुणा. रॉबिन म्हणाला, दगडाच्या पुढे कडा आहे. खाली ढग दिसतात. त्याने माझा दंड एवढा घट्ट धरला की वळ उठलाय.

आधी वाटलं, थट्टा. मग त्याचा चेहरा पाहिला.

मला गाडी चालवता येत नाही. चर्चच्या मैदानावर पहिल्या गिअरमध्ये दोन फेऱ्या, तेवढीच.

रविवार, १९ ऑक्टोबर

गाडी दगडापासून वीस पावलांवर उभी आहे. आम्ही शिवेच्या आत.

सकाळी प्रार्थना केली. रॉबिन शब्द विसरत होता. लहानपणापासून पाठ असलेले शब्द.

मला वाटलं, त्याला दाखवून द्यावं. मी चालत गेले आणि दगडाच्या पलीकडे रस्त्यावर उभी राहिले. हात हलवला. तो किंचाळला. मी समोर उभी, आणि तो गुडघ्यांवर पडून खाली बघत होता, माझं नाव घेऊन रडत होता. मी ओरडले, मी इथे आहे! त्याला ऐकू आलं नाही. धावत परत आले, फार तर दोन मिनिटं झाली असतील. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मागे सरकला. कोण तुम्ही, असं विचारलं. तुम्ही!

दुपारपर्यंत त्याला मी थोडीथोडी आठवले. सगळी नाही. आता पुन्हा दगड ओलांडायचा नाही. मदत आणायला निघाले तर शेंडीपर्यंत चालत चार तास. परत येईन तेव्हा त्याला कोण आठवेल?

त्याने डोळे मिटावेत, मी हात धरून नेते, असंही करून पाहिलं. दगडाजवळ त्याने पाय मातीत रुतवले. ओढवेना. तो माझ्याहून बारीक आहे, पण ओढवेना.

भात शिजवला. त्याने वास घेतला आणि ताट सरकवलं. दिवसभर उन्हातल्या कातळावर पडून होता. कानामागचा रंग मी ओल्या फडक्याने पुसला. फडक्याला काही लागलं नाही.

चार वाजता झुंबरबाई आल्या. शेताच्या बांधावरून, जवळ न येता बोलल्या. म्हणाल्या, पोरी, मंगळवारी सकाळी हाका घालनार, वाघाला हुसकून मारायला. वरच्या बाजूनं सगळा गाव उतरंल, ढोल, फटाकं, कुऱ्हाडी. त्याच्या आत दगडाबाहेर हो. मी रडत म्हटलं, माझा नवरा आहे तो, रॉबिन, तुमच्या हातची भाकरी खाल्ली त्याने, तुम्ही त्याला ओळखता! त्या म्हणाल्या, तो लई गुनाचा हुता. शुक्रवारी शिवेबाहेर गेला तो. काल तू आलीस तवा मी फटीतून बघितलं. गाडीत तुझ्या बाजूला बसलं हुतं, ते त्यो नव्हता.

मी म्हटलं, गाडी त्याने चालवत आणली.

त्या म्हणाल्या, मला तर तूच हाकताना दिसलीस.

मला नाही येत. मला गाडी येत नाही. हे खरं आहे, मी खरं तेच लिहिते आहे.

आई, हे तुला वाचून दाखवणार नाही.

सोमवार, २० ऑक्टोबर, सकाळ

पहाटे तो गाडीत नव्हता. दार उघडं. गवतात वाट पडलेली, वाकून गेल्यासारखी.

आठ वाजता आला. दव पडून केस ओले. मी नाव विचारलं. रॉबिन, म्हणाला. माझं? बराच वेळ लागला. हन्ना, म्हणाला. मी त्याला मिठी मारली. अंग तापलेलं, आणि वास. ओल्या घोंगडीचा, आणि त्याखाली दुसरा एक.

दुपार

गावातून बाईच्या रडण्याचा आवाज. कुणाचंतरी वासरू गेलं. बांधावरून कुणीतरी शिवी दिली, मला.

त्याचे हात धुतले. नखांत — धुतले, बस.

चूक माझी आहे. तो नको म्हणत होता. डबा अजून माझ्याकडेच आहे, लाडू तसेच. कुणी घेतलाच नाही.

दुपारी, नंतर

तो बाहेर आहे. मी दार लावून बसले आहे. लावलं हे मला आवडत नाही. पण त्याने मघाशी माझ्याकडे बघितलं, आणि ते बघणं — शुक्रवारी गुरांच्या मागे रांगताना तो खोटं खोटं बघत होता. तसंच. पण खोटं नाही.

गाडीभोवती फिरतो. एक फेरी, दोन. पावलांचा आवाज नाही, फक्त पत्र्याला अंग घासल्याचा.

मग थांबला आणि अगदी त्याच्या आवाजात म्हणाला, हन्ना, दार उघड ना, बाहेर थंडी आहे. दुपारचे तीन. ऊन पडलेलं. मी उघडलं नाही. त्याने दुसऱ्यांदा म्हटलं नाही. रडला. माणसासारखा रडला. मला त्याचं रडणं ओळखू येतं, वडील गेले तेव्हा असाच रडला होता.

मी उघडलं नाही.

संध्याकाळ

ठरवलं.

मी एकटी चालत गेले तर सुटेन. पण त्याला आत मीच आणलं. हाका आला तर त्यांना तो वाघच दिसणार. कुऱ्हाडी.

गाडी मी चालवणार. तो मागे, पडदे ओढलेले, समोरचं काही दिसणार नाही. कडा दिसला नाही तर कडा नाही. वीस पावलं. वीस पावलं तर पहिल्या गिअरमध्येही जाते. त्या बाजूला तो कोण असेल मला माहीत नाही. कदाचित त्याच्यासाठी तो खराच कडा असेल. कदाचित मीच त्याला —

नाही. रॉबिन आहे. हन्ना म्हणाला होता.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

उजाडलं. धुकं. दगड धूसर दिसतो.

वर ढोल सुरू झाले.

किल्ली लावली आहे. क्लच, मग गिअर, मग हळू सोडायचा. क्लच, गिअर, हळू. क्रम विसरायला नको म्हणून लिहिते आहे.

मागचं सरकतं दार उघडं ठेवलंय. तीन हाका मारल्या. पहिल्या हाकेला गवत हललं.

फटाके. जवळ. माणसं ओरडताहेत.

रॉबिन, आत ये. आत ये, आपण घरी जाऊ.

येतोय. गवतातून सरळ येतोय. आरशात बघायचं नाही, आरसा वर फिरवला. समोरच बघते आहे. दगड दिसतो. वीस पावलं.

गाडी मागून खाली बसली. एवढं वजन — रॉबिन तर पंचावन्न किलोचा.

श्वास ऐकू येतो. पलंगावर. हन्ना म्हण. एकदा म्हण ना.

म्हणत नाही.

असू दे. येतोस का म्हणून मीच तुला या सहलीला — असू दे. नेते तुला. ढोल अगदी मागे आलेत. आता निघायचं. फक्त दार. सरकतं दार आतूनच ओढावं लागतं, मागे जाऊन, त्याच्या अंगावरून हात घालून. लावलं नाही तर तो उडी मारेल, आणि त्या कुऱ्हाडी. लावायलाच हवं. मी उठते आहे. वळते आ